‘आलो’ की ‘आले’?

दिवाळीच्या सुट्टीत माझी पुतणी आमच्याकडे राहायला आली होती. अकरावीत शिकणारी, घरात शिरल्यापासून तोंडाला क्षणाची विश्रांती नसलेली मुलगी. रात्री जेवणे आटोपली की मात्र ती मोबाइल घेऊन खिडकीपाशी बसे आणि पुढचा तासभर तिच्या तोंडून चकार शब्द निघत नसे. चौघांच्या तुकडीने खेळायचा ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा खेळ ती खेळत असे. तुकडीतले बाकीचे तिघे एकमेकांशी मोठमोठ्याने बोलत, हिचा माइक बंद. पडद्यावरचे तिचे पात्र म्हणजे एक धिप्पाड पुरुष, नावही पुरुषी. कोणी हाक मारलीच तर ती भराभर एक शब्द टंकून मोकळी होई : ‘आलो’.

‘‘आलो?’’ मी विचारले.

‘‘काका, ‘आले’ लिहिलं ना, की खेळ राहतो बाजूला आणि भलतंच सुरू होतं,’’ ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

तिचा मोठा भाऊ हिंजवडीत नोकरीला आहे. तोही खेळतो, पण संगणकावर. ‘फायनल फँटसी १४’ नावाच्या खेळात गेली काही वर्षे त्याचे पात्र आहे एका धनुर्धारी तरुणीचे. फोनवर त्यालाही तोच प्रश्न विचारला. ‘‘काका, रोज दोन-दोन तास जिची पाठ बघत धावायचं, ती जरा बघण्याजोगी नको का?’’ एवढेच त्याचे उत्तर, आणि वर हसणे. एका घरातील ही दोन भावंडे. दोघांनीही खेळात आपले लिंग बदलले आहे. मात्र एकाने हौसेने आणि दुसरीने नाइलाजाने. ऑनलाइन खेळांतील या वेषांतराविषयी जे काही लिहिले-बोलले जाते, त्यात हा फरक बहुधा हरवलेला असतो.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडा खुलासा. असंख्य माणसे एकाच वेळी एकाच काल्पनिक जगात वावरतात, लढतात, व्यापार करतात, गप्पा मारतात. या जगात प्रवेश करण्यापूर्वी प्रत्येकाला आपले पात्र घडवावे लागते : नाव, चेहरा, केस, पोशाख आणि लिंग. बहुतेक आधुनिक खेळांत स्त्रीपात्राचे बळ पुरुषपात्रापेक्षा कमी नसते आणि वेगही तेवढाच असतो. म्हणजे खेळाच्या हिशेबात या निवडीने काहीच बिघडत नाही. बिघडते ते इतर खेळाडूंच्या वागण्यात. पडद्यावरच्या या पात्राला इंग्रजीतही ‘अवतार’च म्हणतात. शब्द आपल्याकडचा, त्यामुळे मोहिनी आणि विराटाच्या घरी उत्तरेला नृत्य शिकवणारी बृहन्नडा यांची आठवण मराठी वाचकाला झाल्यावाचून राहणार नाही. बृहन्नडेचे वेषांतर अज्ञातवासासाठी होते, हे मात्र ध्यानात ठेवावे. माझ्या पुतणीचे प्रकरण त्याच जातीचे आहे.

या प्रकाराला चाळीस वर्षांहून मोठा इतिहास आहे. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९७८ पासून ‘मड’ नावाचा खेळ रचला. त्यात चित्रे नव्हती, सारे जग शब्दांचे. तुम्ही कोण आहात हे तुम्ही जे लिहाल त्यावरून ठरणार. चित्रांचे जग आले ते १९८६ मध्ये, ल्युकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’ या खेळातून. कमोडोर ६४ या घरगुती संगणकावर, टेलिफोनच्या तारेने जोडून तो खेळत असत. पडद्यावरच्या पात्रासाठी ‘अवतार’ हा शब्द रुळण्यात याच खेळाचा मोठा वाटा. त्या चिमुकल्या नगरीत पात्राचे लिंग बदलून देणारे एक यंत्रही ठेवलेले होते. म्हणजे ही सोय पुढे कधीतरी खेळाडूंनी मागून घेतली असे नाही. ती घर बांधतानाच कोनाड्यासारखी बांधलेली होती.

माझ्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत रंजक प्रकरण ‘लॅम्डामू’चे. कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या पावेल कर्टिस यांनी १९९० मध्ये ते सुरू केले. हेही शब्दांचेच जग. तिथे तुम्ही ‘हसणे’ अशी आज्ञा दिली की इतरांच्या पडद्यावर ‘तो हसला’ किंवा ‘ती हसली’ अशा धर्तीचे वाक्य उमटायचे. त्यासाठी ‘तो’ वापरायचे की ‘ती’, हे संगणकाला आधी सांगून ठेवावे लागे. कर्टिस यांच्या मंडळींनी मग दोनावर न थांबता दहा लिंगांची सोय केली. स्त्री, पुरुष आणि नपुंसक ही तर होतीच. शिवाय स्वतःला ‘आम्ही’ म्हणवून घेणारे ‘राजेशाही’ होते, अनेकवचनी होते आणि मायकेल स्पिव्हाक या गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी, स्त्री-पुरुष दोन्ही टाळणारी सर्वनामेही होती. व्याकरणातील लिंग आणि देहाचे लिंग यांची सांगड सोडवण्याचा हा प्रयोग संगणकतज्ज्ञांनी केला, वैयाकरणांनी नव्हे, याची मला गंमत वाटते.

परंतु या प्रयोगाला इंग्रजी भाषेची एक मोठी सवलत होती. इंग्रजीत बोलणारा स्वतःविषयी कितीही बोलला तरी क्रियापद त्याचे लिंग सांगत नाही. ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ या दोहोंचे इंग्रजी एकच. मराठीत ही पळवाट फार अरुंद आहे. ‘मी जातो’, ‘मी जाते’, ‘मी हरलो’, ‘मी हरले’ : तोंड उघडले की ओळख पटली. हिंदीतही तेच, ‘आ रहा हूँ’ म्हणा नाहीतर ‘आ रही हूँ’. त्यामुळे सर्वनामांची चिंता वाहणारे ते अमेरिकी खेळाडू आणि क्रियापदाच्या शेवटच्या स्वरापाशी अडखळणारी आपली मुलगी यांची अडचण एकाच जातीची नाही. ज्याला मराठीत लिंग लपवायचे असेल त्याने भविष्यकाळाचा आश्रय घ्यावा, ‘मी येईन’ म्हणावे. किंवा कर्मावर बेतलेला भूतकाळ वापरावा : ‘मी मारला’. तिथे क्रियापद मारणाऱ्याकडे पाहत नाही, मेलेल्याकडे पाहते. ‘मला दिसला’, ‘मला लागले’ हेही चालते. कोल्हापूर-सांगलीकडच्या मुलींना मात्र एवढी यातायात पडत नाही. तिकडे कितीतरी घरांत मुली ‘मी आलो’, ‘मी जातो’ असेच बोलत लहानाच्या मोठ्या होतात.

आता पुरुष स्त्रीपात्र का घेतात, हा प्रश्न. पुतण्याने दिलेले कारण जगभरचे पुरुष देतात आणि ते खोटे मानण्याचे कारण नाही. १९९६ च्या ‘टूम रेडर’पासून कॅमेरा पात्राच्या पाठीमागे ठेवण्याची पद्धत रूढ होत गेली. त्यामुळे खेळणारा पात्राच्या डोळ्यांतून जग पाहण्याऐवजी पात्राला पाहत बसतो. हे वेषांतर कमी आणि बाहुली नटवणे अधिक. दुसरे कारण लाभाचे. स्त्रीपात्राला वाटेत कोणी तलवार भेट देतो, कोणी अवघड जागा पार करून देतो. पावेल कर्टिस यांनी १९९२ मध्येच लिहून ठेवले होते, की स्त्री म्हणून वावरणाऱ्या पात्राकडे अधिक लक्ष दिले जाते, त्याला मदतही अधिक मिळते, त्रासही अधिक होतो आणि खरोखरच स्त्री असल्याचे सिद्ध करण्याचा तगादाही त्याच्याच मागे लागतो. पुढच्याच वर्षी एमी ब्रुकमन यांनी या मदतीची दुसरी बाजू दाखवली. न मागता सतत मदत मिळत राहिली, की तुला हे जमणारच नाही असे सुचवले जाते, आणि मदत करणाऱ्याची बहुधा परतफेडीची अपेक्षाही असते.

एका जपानी ऑनलाइन खेळातील खेळाडूंविषयी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच सूत्राचे दुसरे टोक हाती लागले. विली लेहडनविर्टा आणि सहकाऱ्यांना असे दिसले, की पुरुषाचा अवतार धारण केलेले खेळाडू मदत मागायला कचरतात, स्त्रीचा अवतार असताना तितके कचरत नाहीत. म्हणजे ‘मला हे येत नाही, जरा सांगता का?’ हे वाक्य उच्चारण्यासाठी काही पुरुषांना पदर लागतो. मला या संशोधनातले हे सर्वांत बोलके निरीक्षण वाटते. पाठ बघण्याजोगी असावी म्हणून स्त्रीपात्र घेतलेल्या माणसाला वाटेत अशी मोकळीकही सापडत असेल, आणि ती त्याने कोणाला सांगितली नसेल.

पण स्त्रीचा अवतार घेतला म्हणून स्त्रीसारखे वावरता येते का? ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळातील ३७५ जणांचा अभ्यास अमेरिका-कॅनडातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील २३ टक्के पुरुषांनी स्त्रीपात्र घेतले होते. पुरुषपात्र घेणाऱ्या स्त्रिया होत्या ७ टक्के. स्त्रीपात्र घेतलेल्या पुरुषांची भाषा बदलली. त्यांनी भावना अधिक मोकळेपणाने दाखवल्या. चालणे मात्र बदलले नाही. ते स्त्रियांपेक्षा कितीतरी अधिक उड्या मारत राहिले, तुकडीपासून दूर उभे राहिले आणि मागे-मागे चालत राहिले. जीभ बदलता आली, पाय बदलता आले नाहीत.

हे वाचताना मराठी माणसाला बालगंधर्व आठवणे अपरिहार्य आहे. नारायण श्रीपाद राजहंस यांची १९११ मधील ‘मानापमान’मधली भामिनी किंवा नंतरची ‘एकच प्याला’मधली सिंधू ही केवळ गळ्याने उभी राहिली नव्हती. पदर सावरणे, बसणे, उठणे, मान वळवणे या साऱ्याची साधना तिच्यामागे होती. ती इतकी पक्की होती की मुंबई-पुण्याच्या घरंदाज स्त्रिया त्यांची साडी नेसण्याची ढब आणि केसांत फुले माळण्याची रीत उचलत. उलट दिशेनेही हे घडत होते. केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्यांत पुरुषपात्रे स्त्रियाच करीत. तेव्हा पुरुषाने स्त्रीचे किंवा स्त्रीने पुरुषाचे रूप घेण्यात महाराष्ट्राला नवे वाटावे असे काही नाही. नवे आहे ते प्रेक्षकाचे अज्ञान. तिकीट काढून बसलेल्या प्रत्येकाला भामिनीच्या शालूखाली नारायणराव आहेत हे ठाऊक होते. ते ठाऊक असूनही विसरायला लावणे, हीच तर कला. ऑनलाइन खेळात समोरचा माणूस प्रेक्षक आहे की सहकलाकार, आणि त्याला काय ठाऊक आहे, हे कधी ठरलेलेच नसते.

ते न ठरल्यामुळे काय होते याचे जुने उदाहरण खेळातले नाही, पण त्याला खेटून असलेल्या गप्पांच्या दालनातले आहे. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी सेवेवर ‘जोन’ नावाची एक स्त्री फार लोकप्रिय होती. अपघाताने अपंग झालेली, वाचा गेलेली, तरीही जिद्दी. अनेक स्त्रियांनी तिच्यापाशी मनातले सर्व काही सांगितले. पुढे कळले, की जोन म्हणजे न्यूयॉर्कमधील एक मध्यमवयीन मानसोपचारतज्ज्ञ, आणि पुरुष. लिंडसी व्हॅन गेल्डर यांनी १९८५ मध्ये ‘मिस’ या नियतकालिकात ही हकीकत लिहिली. त्या स्त्रियांना मैत्रीण गमावल्याचे दुःख झाले आणि विश्वासघाताचा संतापही आला. पुतण्याच्या धनुर्धारी तरुणीला या पंक्तीत बसवणे अन्यायाचे होईल. त्याच्या चमूतील सगळ्यांना तो कोण आहे हे माहीत आहे आणि ते त्याला नावानेच हाक मारतात. प्रश्न वेषाचा नसतो. त्या वेषाच्या भरवशावर समोरच्याकडून काय घेतले, याचा असतो.

खेळ चालवणाऱ्यांनी यावर जे उपाय काढले, ते रोगापेक्षा भारी निघाले. स्त्रीपात्र हवे असेल त्याने वेबकॅमेऱ्यासमोर येऊन आपण स्त्री असल्याचे दाखवावे, असा नियम एका चिनी खेळाच्या चालकांनी केल्याचे वृत्त २००७ मध्ये जगभर पसरले होते. त्यातून स्त्रियांचे कोणते रक्षण होणार होते कोण जाणे.

खरा बदल घडवला तो आवाजाने. २००२ मध्ये ‘एक्सबॉक्स लाइव्ह’ ही सेवा कानाला लावायच्या माइकसह आली. आवाज बदलून ऐकवण्याची सोय तिच्यात सुरुवातीपासून होती. मुखवटा गळून पडणार याची कल्पना बनवणाऱ्यांना असावी. टंकून बोलण्याच्या काळात लिंग सांगायचे की नाही हे खेळाडूच्या हातात होते. माइक आला आणि ते गळ्याच्या हाती गेले. याचा परिणाम मोजणारा एक साधा प्रयोग ओहायो विद्यापीठातील जेफ्री कुझनेकॉफ आणि लिंडसी रोझ यांनी केला. ‘हेलो ३’ या खेळात त्यांनी आधी ध्वनिमुद्रित केलेली वाक्ये कधी पुरुषाच्या तर कधी स्त्रीच्या आवाजात ऐकवली. स्त्रीच्या आवाजाला पुरुषाच्या आवाजाच्या तिप्पट अपमानकारक शेरे मिळाले.

हे कळल्यावर पुतणीच्या बंद माइकचे नवल वाटेनासे होते. माइक बंद ठेवण्याची किंमतही ती मोजते. तुकडीच्या खेळात शत्रू कुठे आहे हे ओरडून सांगता आले नाही, तर सहकारी मरतात आणि दोष गप्प बसणाऱ्यावर येतो. चांगल्या तुकड्या गप्प खेळाडूला घेत नाहीत. मोठ्या स्पर्धांचा रस्ता तर तिथेच बंद होतो. भारतात मोबाइलवरच्या खेळांच्या लाखो-कोटींच्या स्पर्धा होतात, आणि त्यांत मुली इतक्या कमी का, असे आपण नंतर विचारतो.

बाजारानेही आपले मत नोंदवलेले आहे. ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळातील पात्रे लोक खऱ्या पैशांत लिलावाने विकत. अर्थतज्ज्ञ एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी २००३ मध्ये त्या लिलावांचे हिशेब तपासले, तेव्हा सारख्याच क्षमतेच्या पात्रांत स्त्रीपात्राला कमी किंमत येत असल्याचे आढळले. दोघांची तलवार तेवढीच चालते, हे विकत घेणाऱ्यालाही पक्के ठाऊक होते.

निवडच काढून घेतली तर काय होते, हे ‘रस्ट’ या खेळाने दाखवले. फेसपंच या ब्रिटिश कंपनीचा हा खेळ. सुरुवातीला त्यात सर्वांना एकच रूप मिळे, टकल्या गोऱ्या पुरुषाचे. २०१६ मध्ये त्यात स्त्रीदेह आले आणि कोणाला कोणता देह मिळणार हे खेळाडूच्या खाते क्रमांकावरून यंत्र ठरवू लागले. बदलायची सोय नाही. एके सकाळी कित्येक पुरुष खेळात शिरले ते स्त्री होऊनच, आणि एकच गदारोळ उडाला. आम्हाला विचारले नाही, ही तक्रार. तक्रार रास्त असेलही. परंतु पूर्वी कितीतरी खेळांत नायक एकच, आणि तो पुरुष असे. मुली तो निमूटपणे खेळत आल्या. त्याला कोणी वेषांतर म्हटले नाही आणि त्यावर शोधनिबंधही क्वचितच निघाले.

अशा निवडीवरून खेळणाऱ्याच्या मनाविषयी किंवा लैंगिकतेविषयी निष्कर्ष काढण्याचा मोह पालकांना होतो. तो आवरावा. बहुसंख्यांच्या बाबतीत त्यामागे पाठीच्या कॅमेऱ्यापेक्षा खोल काही नसते. काहींच्या बाबतीत मात्र असते, आणि त्यांची संख्या थोडी म्हणून ते सोडून देण्याजोगे नाही. जन्मतः लावलेली ओळख ज्यांना आपली वाटत नाही, अशा अनेक पारलिंगी व्यक्तींनी सांगितले आहे, की आपल्याला हव्या त्या लिंगाने हाक पहिल्यांदा ऐकू आली ती अशाच एखाद्या खेळात, अनोळखी माणसांकडून. घरात ज्याचा उच्चारही करता येत नव्हता, ते तिथे काही न सांगता स्वीकारले गेले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये २०२० पासून न्हाव्याच्या दुकानात जाऊन केसांबरोबर लिंगही बदलता येते. २०२२ पासून पात्र घडवताना ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ हे शब्दच नाहीत, ‘देह १’ आणि ‘देह २’ आहेत. तिथपर्यंत पोहोचलेल्या जगातही एखाद्या मुलीने माइक सुरू केला की जे व्हायचे ते होतेच.

सुट्टी संपण्याच्या आदल्या रात्री पुतणीने एक गंमत सांगितली. तिच्या तुकडीत एक अनोळखी खेळाडू आला होता. पात्र पुरुषाचे, नाव पुरुषी, माइक बंद. तो मराठीत लिहीत होता, पण अर्ध्या तासात त्याने लिहिले ते एवढेच : ‘मला दिसला’, ‘मी मारला’, ‘गोळ्या पाहिजेत’, ‘मी येईन’. एकदाही ‘आलो’ नाही की ‘गेलो’ नाही. खेळ संपल्यावर हिने त्याला खासगीत एकच शब्द पाठवला, ‘ताई?’

बराच वेळ काही उत्तर आले नाही. मग आले, ‘कसं कळलं?’

आता दोघी एकाच तुकडीत खेळतात. माइक अजूनही बंदच असतात.